आठ दिवसांची नक्कल

फाइल उघडायची वेळ आली की काका खुर्चीसकट भिंतीकडे वळायचे. "उघडा तुमचं तुमी. मी नाई पाहत." बंद पडलेली हार्ड डिस्क दिवसचे दिवस खपून जिवंत करणारा हा माणूस तिच्यातलं काही बघायची वेळ आली की पाठ फिरवायचा. गिऱ्हाईक आनंदाने सांगायचं, "आले हो, लग्नाचे फोटो आले." काका भिंतीलाच विचारायचे, "शेवटचा उघडून पाहा जी. पहिला तं सगळेच पाहतात."

असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. वर्ध्यात सगळेच त्यांना काका म्हणत; घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. दारावर पाटी नव्हती. उमेदीची वर्षं पुलगावच्या लष्करी डेपोत गेली होती आणि तिथे काय पाहिलं हे त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर घराघरातले कॉम्प्युटर त्यांच्याकडे येऊ लागले, पण सवय तीच राहिली.

फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं: "बंद कर आधी." डिस्क टकटक वाजू लागली की माणूस घाबरून पुन्हा पुन्हा चालू करून बघतो आणि उरलंसुरलं खरवडून टाकतो. एका बाबूने कोणाचं तरी ऐकून डिस्क पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवली होती. काकांनी ती हातात घेतली, पाणी पुसलं आणि विचारलं, "हे काय श्रीखंड व्हय काय?"

एक प्राध्यापक छाती पुढे काढून आले. म्हणे, सगळ्याची दुसरी प्रत डी ड्राइव्हवर आहे. डी ड्राइव्ह त्याच मेलेल्या डिस्कचा भाग होता. काका म्हणाले, "खोली एकच हाय जी सर. मंधात पडदा लावला तुमी फक्त." एका बाईंनी पेन ड्राइव्हवर बॅकअप आणला, त्यात नुसते डेस्कटॉपवरचे शॉर्टकट. "ह्या तं दाराच्या पाट्या आहेत बाई. घर तिकडंच रायलं." बाई रडायला लागल्या तेव्हा मात्र त्यांनी काकूंना चहा ठेवायला सांगितला आणि दहा दिवस त्या घराचा एकेक कोपरा शोधून काढला.

त्यांची रीत अशी: बिघडलेल्या डिस्कची आधी जशीच्या तशी नक्कल स्वतःच्या मशीनवर घ्यायची आणि काम त्या नकलेवर करायचं. माल परत दिल्यावर नक्कल आठ दिवस ठेवायची, कारण नवी डिस्कही दगा देते. आठव्या दिवशी पुसायची. "दुसऱ्याची चीज घरात जास्त दिस ठेवू नाई."

आता माझ्या आत्याबद्दल. तिने एका विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं बिनपगारी शिकवलं. शाळेला अनुदान मिळालं आणि संस्थाचालकाने तिची जागा आपल्या भाचसुनेला दिली. वर म्हणाला, ही बाई आमच्याकडे कधी नव्हतीच. हजेरीपुस्तक गहाळ झालं. नागपूरला सुनावणी सुरू झाली तेव्हा आत्याच्या हातात मुलांनी दिलेल्या शुभेच्छापत्रांपलीकडे काही नव्हतं. पण शिक्षकांचे महिन्याचे हजेरीपट संस्थाचालकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर टाइप होत. त्याची डिस्क मेली आणि शाळेच्या कारकुनाने ती काकांकडे आणली. कारकुनानेच आत्याच्या कानावर घातलं.

मी धावत गेले. माल नुकताच परत गेला होता. नक्कल मात्र समोरच्या मशीनमध्ये होती.

"काका, अकरा वर्षं आहेत त्याच्यात."

"असतील. मी नाई पाहिलं."

"एक फोल्डर द्या फक्त. कोणाले कळणार नाई."

"मले कळंल ना, बेटा."

"म्हणजे चोराच्या बाजूनं राहणार तुमी?"

त्यांनी टेबलावरचे स्क्रू डबीत गोळा केले. मग म्हणाले, "सुनावणीवाल्या साहेबाचं पत्र आण. एक ओळीचं. मंग त्यायच्या हातात सगळं देतो, जसंच्या तसं."

"आठ दिवसांत पुसून टाकाल तुमी. आठ दिवसांत पत्र येते काय?"

"तू पत्र आण."

आमच्या घरी मी अक्षरं गिरवली ती वडिलांच्या मोर्च्यांच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. असली उत्तरं मला पाठ होती. अर्ज करा, साहेब नाहीत, पत्र आणा. मी वकिलांना काही सांगितलं नाही. आत्याला सांगितलं, म्हातारा विकला गेलाय. आणि आठ दिवस बसून पत्रक लिहिलं. त्यात त्यांना 'मालकाच्या तिजोरीचं कुलूप' म्हटलं, 'पाठमोरा गुन्हेगार' म्हटलं. बसस्टँडवर वाटलं, त्यांच्या गल्लीत दारोदार टाकलं.

काका माझ्यापुढे एकदाच आले, घडी घातलेलं पत्रक हातात धरून. वाटलं, आता चिडतील. म्हणाले, "हे लिहिलं ते दोन जागी ठेवलं ना? मेहनत केली तू."

पत्रकाने त्यांची जाहिरातच झाली. न बघणारा माणूस सापडला म्हणून डॉक्टर, ठेकेदार, बिल्डर, सगळे त्यांच्या दारात डिस्का घेऊन उभे राहिले. मी आणखी चिडले. चार महिन्यांनी निकाल लागला. पुरावा नाही म्हणून आत्या हरली. आता ती पवनारला चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. काकूंचा फोन आला. "येजो वं. मशीन पुसल्याबिगर विकजो नको म्हणून सांगून गेले. मले त्यातलं काई समजत नाई."

मी गेले. मशीनच्या वर खिळ्याला कॅलेंडर होतं, नव्यामागे जुनी, सगळी एकावर एक टांगलेली. चौकोनांत दुधाच्या, गॅसच्या नोंदींमध्ये त्यांच्या अक्षरात 'पुसणे' आणि पुढे बरोबरची खूण. उलटत उलटत सुनावणीच्या वर्षापाशी आले. तिथे एका 'पुसणे'वर काट मारून आठ दिवसांनी पुन्हा 'पुसणे' लिहिलं होतं. त्यावरही काट. पुन्हा आठ दिवस. पंधरा वेळा. शेवटच्या 'पुसणे'पुढे खूण होती. ती तारीख मला चांगली माहीत आहे. निकालानंतरचा दुसरा दिवस.

काकू मागून म्हणाल्या, "ते त्या संस्थावाल्याचं. दर आठवड्याले म्हणत, थांबू अजून, पोरगी पत्र आणंल. कोणतं पत्र होतं वं ते?"

"माहीत नाई काकू," मी म्हणाले, आणि मशीन पुसायला लावलं. दुपारभर पडद्यावर पट्टी सरकत होती.

पवनारला मी दर रविवारी जाते. कॅलेंडरचं आत्याला अजून सांगितलेलं नाही. पोरं घरी गेली की ती खडूचे हात झटकत कधीतरी काकांचा विषय काढते आणि मेलेल्या माणसाला शिव्या घालते. शब्द सगळे माझ्या पत्रकातले असतात, एकही न चुकता. मी ऐकून घेते.