पुढच्या चाकाचा दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, लेकीला नाही. तुम्हाला का सांगतेय? — कुणास ठाऊक. माझं बोलणं जरा वळसे घेतं, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या दारात जुना डंपर उभा असतो ना, तो चांदवडच्या भंगारातून आणलेला. शेणखत वाहायला. धाकट्या दिरांनी, सुभाषभाऊजींनी, चार महिने खपून तो चालता केला. शिकले कुठंच नव्हते, पण इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचे! हौदा उचलणारा जॅक गळायचा, तोही त्यांनीच बसवला. "वहिनी, यातूनच तुम्हाला येवल्याला नेतो, पैठणी घ्यायला," म्हणायचे.

"शेणाच्या गाडीतून?" मी म्हणायचे. हसायचो.

राहिला होता फक्त हँडब्रेक. अंगण उताराचं, म्हणून पुढच्या चाकाला दगड. तो काढायचा नाही, हे त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. हो — मलाही.

गाडीच्या पूजेच्या सकाळी इंजिन सुरूच ठेवलं होतं, गल्लीला ऐकू जावं म्हणून. मी चाकांपुढं लिंबं मांडत होते. एका चाकाशी दगड आडवा येत होता. मी काढला. विसरले होते का? नाही हो. चांगलं आठवत होतं. वाटलं, लिंबू ठेवते न् लगेच लावते.

भाऊजी समोर उभे राहून गाडीला हार बांधत होते — त्या दगडाच्या भरवशावर.

गाडी सरकली, चाकाखाली लिंबू फुटलेलं मी बघितलं. मग किंकाळी.

सगळे त्यांच्याकडे धावले. आणि मी? मी आधी दगड उचलला, चाकाशेजारी तिरका टाकला. घसरल्यासारखा. त्या वेळी मला एवढं सुचलं!

डावं पाऊल अर्धं कापावं लागलं. हे चारचौघांत म्हणाले, "घरच्या मेस्त्रीचं काम असंच!"

"माझंच चुकलं, दादा. दगड नीट बसवला नव्हता," भाऊजी म्हणाले.

मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

पाने-पकडी त्यांनी भंगारात दिल्या. पुन्हा कुठल्या इंजिनाला कान लावला नाही. तीन वर्षं झाली, ते स्वतःचीच चूक धरून चालतात — आणि मी त्यांना तसं चालू देते.

डंपर अजून धावतो. संध्याकाळी दारात लागला की भाऊजी काठी टेकत येतात, दगडाला ढोसून बघतात. तेवढ्यानं त्यांचं समाधान होत नाही. कालही हाक मारली, "वहिनी, तुमची नजर चांगली. बसलाय का नीट, बघा बरं."

मी वाकून बघितलं.

"बसलाय, भाऊजी," म्हणाले.