हलगी शेकूनच वाजेल

१९८६ साली मी परदेशात, वूस्टर शहरातल्या एका हॉलमध्ये सामान उचलायचो. तिथे एक जपानी रॉक बँड आला. त्यांच्या गिटारींबरोबर जपानी बासरी होती आणि तिथल्याच तारेच्या कारखान्यात राबणाऱ्या भानुदास खरातांची हलगीही. हलगीचं चामडं थंडीत सैल पडतं, ते जाळावर शेकावंच लागतं. हॉलचा मॅनेजर म्हणाला, “जाळ चालणार नाही. ड्रम मशीन लावा.”

“काका, आजच्यापुरतं सैल हलगीवर चालवून घेऊ?” मी खरातांना म्हटलं.

“माझ्या बापाला गावात हुकमावर वाजवावी लागायची. मी मर्जीने वाजवतो, पण सैल वाजवणार नाही.”

त्यांनी बाहेर बर्फात खोका पेटवला आणि चामडं खणखणेपर्यंत शेकलं. बँडप्रमुख केंजी मॅनेजरला म्हणाला, “ते येईपर्यंत आम्हीही वाजवणार नाही.”

लोक वीस मिनिटं थांबले. मग काकांनी मॅनेजरच्या डोळ्यांत बघत पहिला ठोका दिला.