विटाळाचा पट्टा

“विटाळ आहे हा. तुझ्या हाताचा.”

सरांनी माझ्या प्रयोगाची एक्स-रे फिल्म टेबलावर भिरकावली. मंदार खो खो हसला. तो सरांचा लाडका विद्यार्थी, त्यांच्याच नात्यागोत्यातला. मी बाईमाणूस, त्यातून मराठवाड्यातल्या बौद्ध वस्तीतून आलेली. एकाच शब्दात दोन्हीकडून हाणलं मला. कान नुसते तापले.

तशी त्या लॅबची बोलीच ती. बाहेर खाडी, चिखल न् केमिकल कारखान्यांची धुराडी; आत बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये जंतू शिरले की सगळे म्हणायचे, “विटाळ झाला, फेकून द्या.” मी ‘खराब झालं’ म्हणायचे. तो शब्द माझ्या तोंडी कधी बसला नाही.

पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. बाहेरचं एखादं प्रोटीन येऊन त्यांना चिकटलं की आत निरोप जातो. असं एक नवं प्रोटीन माझ्या हाती लागलं होतं. त्याला किरणोत्सारी आयोडीन लावून पेशींत सोडायचं. चिकटलं तर फिल्मवर काळा पट्टा उठतो. माझा उठला होता. तेच प्रोटीन आधी आयोडीनशिवाय भरपूर ओतलं की रिसेप्टरची जागा अडते, पट्टा जातो. माझा गेलाही होता. भलतंच काही चिकटलं असतं तर तो गेलाच नसता.

हे सगळं सांगितलं. सर म्हणाले, “मंदार पुन्हा करून बघेल हा प्रयोग.”

घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत आई म्हणाली, “गप ऱ्हाय माय. डिग्री त्यायच्या सहीवर हाय.” खरंच होतं ते. गप्प राहिले. पण मी लॅबमध्ये शिरले की सगळ्यांचं बोलणं थांबायला लागलं. काहीतरी शिजत होतं.

मंदारची फिल्म आली. तोच पट्टा, त्याच जागी.

“आता कसं शुद्ध!” सर म्हणाले. आणि सगळ्या लॅबसमोर ‘मंदारनं शोधलेलं प्रोटीन’ म्हणून त्याला बोलायला उभं केलं.

मी उठले. दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या. पट्ट्यावर पट्टा बसला.

“सर, यातला विटाळ कुठला? बोट ठेवून दाखवा.”

सर अगदी मायेनं म्हणाले, “बस खाली. तुला डिग्री कशी मिळते बघतो मी.”

त्या गोड आवाजाचीच जास्त भीती वाटली. पण बसले नाही.

“बघा. पण शोध माझाय. आणि तो शब्द मागे घ्या.”

नाही घेतला. दुसऱ्या दिवशी फ्रीजला नवं कुलूप होतं. माझं सगळं प्रोटीन आत. मंदार किल्ली खिशात वाजवत फिरत होता.

फ्रीज अरुंद बोळात. सरांच्या खोलीकडे जायची वाट तीच. मी स्टूल ओढलं, बोळाच्या मधोमध टाकलं न् बसले. सर आले. थबकले. अंग चोरून बघितलं, जागा पुरेना.

“बाजूला हो.”

“किल्ली मिळेपर्यंत नाही. जायचंय तर मला शिवून जा, सर.”

सर मागे फिरले; मी अजून स्टुलावरच आहे. आईला सांगून आलेय, उद्याही इथंच बसणार आहे.