जातानी एक, येतानी दुसरी

चाबीवाले काकाजी रस्त्याने जाताना तलावाच्या बाजूने जात आणि परतताना घरांच्या बाजूने येत. चिखल असो, मध्ये कुणाची बैलबंडी उभी असो, या क्रमात चूक झालेली मी पाहिली नाही. रेल्वेतून ते निवृत्त झाले होते. त्यांचे पाय मात्र झाले नव्हते. चाबीवाला म्हणजे रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाब्या रोज तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा घेऊन तो हद्दीच्या टोकापर्यंत एक रूळ पाहत जातो आणि दुसरा पाहत परततो. काकाजींनी दरेकशाच्या डोंगरात सारी नोकरी अशी चालून काढली.

आमच्या गावी मारुतीच्या सभामंडपात दर गुरुवारी आम्हा दहा-बारा जणांची बैठक असे. आधी पोथीचे वाचन, मग थोडे विवेचन आणि शेवटी दहा मिनिटे मौन. विवेचन माझ्याकडे होते. चाळीस मिनिटांच्या तासिकेत विषय पूर्ण करण्याची सवय असल्यामुळे मी मुद्दे क्रमाने मांडत असे आणि कुणाच्या चेहऱ्यावर शंका दिसली की तोच मुद्दा पुन्हा समजावत असे. असाच एक अर्थ मी तिसऱ्यांदा सांगू लागले, तेव्हा काकाजी खांबाला टेकून शांतपणे म्हणाले, "म्याडम, जास्त ठोकलेली चाबीबी पकडत नाही." सगळे हसले. मीही हसले, पण तो अर्थ चौथ्यांदा सांगूनच थांबले.

वाद झाला तो मौनावरून. देवकाबाई आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत असत. वर्गात मुले ऐकेनाशी झाली की मी त्यांच्या चुलीजवळ जाऊन बसे. आमची मैत्री तिथली होती. या देवकाबाई मौनाच्या वेळी नामस्मरण करत, तेही तोंडाने, आणि मधूनच आवाज चढे. मौन म्हणजे वाणीचा संयम, हे मी त्यांना एकदा एकटीला आणि दोनदा सर्वांसमोर सांगितले. परिणाम होईना, तेव्हा मी पुठ्ठ्यावर लाल शाईने पाच नियम लिहून भिंतीवर लावले. देवकाबाईंना वाचता येत नसे. तिसरा नियम त्यांच्यासाठीच असल्याचे कुणीतरी त्यांना वाचून दाखवले. त्या उठल्या, आपली बसायची पट्टी गुंडाळली आणि एवढेच म्हणाल्या, "देवाच्या घरी बी शाळा भरवली का, म्याडम?"

पुढच्या गुरुवारी निम्मी माणसे त्यांच्या ओसरीवर बसली. आम्ही म्हणत असू की तिकडे नुसता गलका आहे. ते म्हणत की मंडपात नुसते ढोंग आहे. दोन्ही वाक्ये ज्याच्या त्याच्याकडे न चुकता पोहोचत. देवकाबाई रस्त्यात भेटल्या तरी आता पदर नीट करून पुढे जात. माझे म्हणणे शास्त्राला धरून होते याविषयी मला शंका नव्हती. तरीही त्या दिवसांत मला जेवण गोड लागत नव्हते.

काकाजी एक गुरुवार मंडपात येत आणि एक गुरुवार ओसरीवर जात. मला ते मुळीच रुचले नाही. साधकाला निश्चित भूमिका हवी, असे मी त्यांना ऐकवले आणि तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे, असे स्पष्ट विचारले.

"मी चाबीवाला आहो," ते म्हणाले. "जातानी एक पटरी पाहतो, येतानी दुसरी. देवकाबाई तोंडानं काऊन नाव घेते, सांगा बरं."

मी कारणे सांगितली: जुनी सवय, शिक्षणाचा अभाव, थोडी लोकांनी पाहावे ही इच्छा.

"हे तुमच्या पटरीवरून दिसून राहिलं," ते म्हणाले. "तिले विचारलं का?"

मी विचारले नव्हते. पस्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारून ज्या बाईने पोट भरले, तिने हा एक प्रश्न विचारला नव्हता. त्या गुरुवारी मी मंडपात निरोप ठेवला आणि ओसरीवर गेले. देवकाबाईंनी पोतडी सरकवून जागा करून दिली, पण माझ्याकडे पाहिले नाही. मी बसले आणि वर्गात विचारावे तसे न विचारता, कसेबसे विचारले.

त्यांनी बोटांनी पट्टीचा एक धागा ओढला. मग म्हणाल्या, "मुक्यानं बसलो का माह्या मनात भांडन सुरू होते, म्याडम. सुनेसंग, जावेसंग, मेलेल्या सासूसंग बी. तोंडानं नाव घेतलं का भांडाले जागाच राहत नाही."

मला माझी मौनाची दहा मिनिटे आठवली. कित्येक गुरुवार मी डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून, ओठही न हलवता देवकाबाईंच्या चुकांचे मुद्दे क्रमाने मांडत बसले होते. मंडपातला सर्वांत मोठा गलका माझ्याच डोक्यात होता. मी तसे सांगून टाकले.

"माह्यासंग भांडत होत्या?" त्यांनी विचारले.

"दर गुरुवारी."

"मंग जिकत कोन होतं?"

"मीच."

यावर देवकाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाठीवरचे भरलेले दप्तर कुणी उतरवून घ्यावे तसे मला वाटले. काकाजी कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सगळे लगेच सुरळीत झाले असे नाही. देवकाबाईंसह बाकीचे मंडपात परतले, तरी ओसरीवरचे दोघे आलेच नाहीत, आणि मोठ्याने चाललेले नाम ऐकताना माझ्या कपाळाला आजही कधी कधी आठी पडते. आता मात्र ती आठी पडताच मी स्वतःला विचारते की आपण या क्षणी प्रार्थना करतो आहोत की उत्तरपत्रिका तपासतो आहोत.

काकाजी गेल्या हिवाळ्यात गोंदियाला मुलाकडे वारले. देवकाबाई आणि मी सकाळच्या गाडीने जाऊन त्यांच्या घरच्यांना भेटून आलो. परतीच्या पॅसेंजरमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. असा माणूस सुटला, त्याला पुन्हा जन्म नाही, असे मी म्हणाले. देवकाबाईंना ते मान्य नव्हते. असा माणूस देव परत पाठवीलच, इथं कामं का कमी आहेत, असे त्यांचे म्हणणे. मी आधार दिले, त्यांनी दाखले दिले. शेजारचा प्रवासी हिंदीत समजूत घालू लागला, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून त्याला गप्प केले. माझा आवाज चढला होता, त्यांचाही. आणि कितीतरी दिवसांनी मला भांडताना मैत्री तुटेल अशी भीती वाटत नव्हती.

एकाएकी डब्यात अंधार झाला. गाडी बोगद्यात शिरली होती, म्हणजे आमचे स्टेशनच काय, त्याच्या पुढचे दरेकसाही मागे गेले होते. पुढचे स्टेशन थेट छत्तीसगडात. तिथे उतरून परतीच्या गाडीची चौकशी केली. तिला अजून दोन तास होते. देवकाबाईंनी फलाटावरचा बाक पदराने झटकला, मला बसवले आणि माझ्या बाजूला ऐसपैस बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "आता सांगा, त्याले काऊन जन्म नाही?"