तुरटी किती, ते भोईरकाका सांगायचे

कल्याणच्या पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या आमच्या लॅबमध्ये किस्से साठायचं कारण साधं आहे. नदीचं गढूळ पाणी सहा बीकरमध्ये घ्यायचं, प्रत्येकात कमी-जास्त तुरटी टाकायची, ढवळायचं आणि मग अर्धा तास टेबलाला हातही लावायचा नाही. गाळ बसेपर्यंत माणसं करणार काय? बोलणार! ज्या बीकरचं पाणी सगळ्यांत नितळ, त्या मापाने तुरटी मोठ्या टाकीला. हा निकाल भोईरकाका वर्षानुवर्षं नुसत्या नजरेने द्यायचे.

*

मी डोंबिवलीची, नवीकोरी एमएस्सी. पहिल्याच दिवशी काकांना शिकवायला गेले. "मातीच्या बारीक कणांवर सारखाच विद्युतभार असतो. म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटीने तो भार मारला की चिकटतात, जड होतात, खाली बसतात."

काका म्हणाले, "म्हणजे आपण भांडणं मिटवतो. मग पगार फारच कमी आहे!"

*

काका कळव्याचे, वडील मिठागरात कामाला. "आमच्या खाडीत तुरटी कोण टाकतं गो बाय? नदीचं गढूळ खाऱ्या पाण्याला भेटलं की आपोआप गोळा होतं, बसतं. त्याच चिखलात चालायला शिकलो."

माझं अख्खं सेमिस्टर हा माणूस पायाने शिकला होता! मी गमतीत म्हटलं, "मग इथेही मीठच टाकू या."

"टाक की! तुरटी चिमूटभर पुरते, मीठ पोत्याने लागेल. आणि मग कल्याणच्या बायकांना सांग, आमटीत घालू नका!"

*

मला धीर नाही. एकदा गाळ लवकर बसावा म्हणून तुरटी चौपट टाकली. पाणी गढूळच राहिलं! भार मरून उलटा चढला होता, कण पुन्हा एकमेकांना ढकलत होते. हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं, बीकरसमोर सुचलं नाही.

काकांनी बीकर मोरीत ओतला. "कुणाची समजूत काढायची तर थोडक्यात काढावी, बाय. जास्त झालं की तो परत फिरतो."

*

एका सकाळी काका दारातूनच ओरडले, "काय रे, आज लवकर?" खुंटीवर माझा अ‍ॅप्रन होता. खुंटीपाशी माणूस कुणीच नव्हता. आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले.

*

पाण्याचा गढूळपणा मोजणारं मीटर दुरुस्तीहून परत आलं. काका म्हणाले, "तिसरा." मीटर म्हणालं, पाचवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

सगळे जेवायला गेल्यावर काका माझ्याजवळ आले. "काचबिंदू आहे. रिटायर व्हायला सात महिने राहिलेत. कळलं तर मला इथून हलवतील. दुसरं काही येत नाही गो मला."

"काका, हे पाणी लोक पितात!"

"म्हणून तर तुला सांगितलं. तू मीटर बघ. मी नुसता इथे उभा राहतो."

मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. मी बरोबर होते. काकांना स्टोअरमध्ये बसवलं, तुरटीच्या पोत्यांशेजारी. ते माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

*

निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "भोईर, काय हवं?"

"एकदा बीकर बघू द्या."

साहेब त्यांना हाताला धरून लॅबमध्ये घेऊन आले. बीकर ढवळायचं मशीन नुकतंच धुऊन मी नुसतं चालवून बघत होते. पाती फिरत होती. काका टेबलाशी वाकले, हात पाठीमागे बांधून, नेहमीसारखे. बराच वेळ एकेका बीकरपाशी थांबत गेले.

मग ताठ झाले. "चौथा! बघ बाय, गाळाने कशी कापसासारखी फुलं धरलीत. पाणी बघ, काच झालंय नुसतं."

सहाही बीकर रिकामे होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो काका. चौथाच."