शीर चढली नव्हती

प्रणोती गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत भाजी घेत होतो. "गेली रे," बहीण एवढंच म्हणाली. मी फोडलेला हंबरडा थेट बडनेऱ्यापर्यंत ऐकू गेला असणार... आणि त्या हंबरड्यात एका माणसाला शिवी होती.

माझी ही भाची तेल्हाऱ्याची कबड्डीपटू. ती चढाईला निघाली की समोरच्या सातही पोरी आपोआप रेषेबाहेर जात, असं मी सांगतो. तिच्या मते पाचच. गुडघ्याच्या वर दुखू लागलं, सूज आली, दुखणं झोपेतून उठवू लागलं, तेव्हा गावच्या मालीशवाल्या सुखदेवनं बोट दाबून सांगितलं, "शीर चढली. उतरवून देतो." सगळा उन्हाळा त्यानं गरम तेलानं ती सूज रगडली. शेवटी मीच तिला अकोल्याला नेलं. एक्स-रे, एमआरआय, मग हाडाचा तुकडा काढून तपासणी. हाडाचाच कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, मालीशीनं झाला नाही. पण असल्या सुजेला रगडायचं नसतं, आणि हे महिने हातचे गेले. अमरावतीला माझ्या घरी राहून तिनं केमो घेतली, हाड काढून धातूचं बसवलं, पुन्हा केमो... तोवर गाठी फुफ्फुसात गेलेल्या. डोक्यावर केस नाहीत, पण जीभ तीच. "मामा, त्या सुखदेवले सोडू नोको. मारू मात्र नोको, तुह्यानं होत नाई."

म्हणून महिनाभर मी तेल्हाऱ्यात, त्याच्या दारासमोर बसलोय. तिचा गुडघा वाकत नसे, म्हणून सुताराकडून उंच स्टूल करून घेतलं होतं, त्यावर. येईल त्याला तिचा एक्स-रे उन्हात धरून दाखवतो, आधी हाडाचा असा फोटो काढा म्हणतो. सुखदेवचं तेल आता भजी तळायला जात असेल. मला अजिबात वाईट वाटत नाही.

परवा तोच आला, नातीला घेऊन. तिची मांडी सुजलेली.

"भाऊ, अकोल्याचा तो डॉक्टर कुठी बसते?"

"काहून? शीर चढली असंन. उतरव."

उरलीसुरली दोन-तीन गिऱ्हाइकं बघत होती. मी पत्ता अडवून धरला... हो, धरला. "काय नोय ते सांग पहिले."

"शीर नोय."

"मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग मी पत्ता दिला. माफी दिलेली नाही, देणारही नाही.

पोर मात्र दुखऱ्या पायावर ताटकळत होती. मी उठलो, तिला स्टुलावर बसवलं. पाय सरळ पुढे सोडून बसली. त्या स्टुलावर तसंच बसता येतं.