लढाईच्या खोलीतल्या चिठ्ठ्या

सासरी आल्यावर पहिल्याच खंडेनवमीला मी सासऱ्यांनी पंचवीस वर्षं जपलेली वस्तू चिंचेनं घासून लख्ख केली. तिथून आमचं दोघांचं जे जुंपलं ते पुढं कितीतरी वर्षं चालू राहिलं.

माझं माहेर सांगलीचं. वडील शाळामास्तर. आमच्या घरी खंडेनवमीला पूजेला काय, तर विळी, अडकित्ता आणि वडिलांचा पेन्सिली तासायचा चाकू. सासर साताऱ्यापासून दोन कोसांवर, नदीकाठी. उसाची शेती आणि घरटी एक माणूस पलटणीत. सासरे मागल्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, इराकातल्या बसऱ्याला जाऊन सुभेदार होऊन आलेले. त्यांनी बैलांचा जुना गोठा सारवून घेतला होता आणि त्यात लढाईच्या वस्तू मांडल्या होत्या. गाव त्याला लढाईची खोली म्हणायचं. सासरे मात्र 'म्युझम' म्हणायचे, आणि दुसरं कुणी खोली म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते छावणीत. तरुणपणी ते एका गोऱ्या साहेबाचे ऑर्डरली होते. साहेबाच्या बंगल्यात एक दालन भाले, ढाली आणि वाघाच्या कातड्यांनी भरलेलं, आणि चार वर्षं त्यावरची धूळ झटकायचं काम सासऱ्यांकडं. पेन्शनीत आल्यावर ते म्हणाले, साहेबानं दुसऱ्याच्या लढाया भिंतीवर टांगल्या, आम्ही आमच्या का टांगू नयेत? बरोबरच होतं की!

खोलीत काय होतं? बंदूक एकही नव्हती, ती सरकार ठेवू देत नसे. पाण्याच्या बाटल्या, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, जेवणाचे डबे, एक फुटका बिगुल, लोखंडी टोप, आणि सासऱ्यांनी स्वतः बसऱ्याहून आणलेलं तोफगोळ्याचं हातभर उंचीचं पितळी टरफल. सासरे सायकलीवरून गावोगाव हिंडायचे आणि लोकांच्या परसातनं बाकीच्या वस्तू शोधून आणायचे. लोकांनी त्या संसाराला लावलेल्या असायच्या. पूर्वेकडच्या माळावर एका धनगर म्हातारीच्या घरी लोखंडी टोप उलटा पुरून त्यात शेळ्यांना पाणी ठेवलेलं. ती म्हातारी म्हणाली होती, "आवं सुभेदार, टोप न्ह्या, पर शेळ्यांनी कशात प्यायचं?" सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी वीस मैल सायकल मारून तिला घमेलं नेऊन दिलं आणि टोप घेऊन आले.

तर ते पितळी टरफल. काळंकुट्ट, बुडाशी धुरकटलेलं. उद्या पूजा, आणि हे असं कळकट? नव्या सुनेचा उत्साह! मी चिंच भिजवली, राख घेतली आणि विहिरीवर बसून असं घासलं की त्यात तोंड दिसावं. सासरे आले, बघत उभे राहिले. आता शाबासकी मिळणार म्हणून मी पदर सावरला.

"पंचवीस वर्सं जपल्याला बसऱ्याचा धूर," ते म्हणाले, "एका चिंचंत घालवलास!"

मी मुळात तोंडाळ. म्हटलं, "मामंजी, धूर जपायचा तर चुलीवर टांगायचं होतं."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आमचे हे तेव्हा रजेवर आले होते, ते सरळ तिथून पळाले आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन हसले. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "सांगलीकरीन, तुजं आक्षार कसं हाय?"

चांगलं होतं. शाळामास्तराच्या मुलीचं असणारच. तेव्हापासून खोलीतल्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. सासऱ्यांना पलटणीत शिकवलेली इंग्रजी लिपीतली उर्दू तेवढी लिहिता यायची, आणि ती गावात वाचणार कोण? मी माझ्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापायची. वस्तू कुणाची, गाव कुठलं, पलटण कुठली, कुठं लढला, एवढं वळणदार अक्षरात लिहायचं. शेवटी एकच शब्द असायचा, 'आला' नाहीतर 'राहिला'. आमच्याकडं लढाईत गेलेल्याला मेला म्हणत नाहीत, तिकडंच राहिला म्हणतात. आलेल्यांच्या वस्तू डाव्या भिंतीला खुंट्यांवर. राहिलेल्यांच्या उजवीकडं फळीवर, आणि खंडेनवमीला त्या फळीपुढं समई. गावातल्या बाया येऊन दोन्हीकडं हळदकुंकू वाहायच्या, झेंडू घालायच्या. सासरे ओरडायचे, "आगं, ह्या वस्तू हायत, द्येव न्हवं!" ऐकतंय कोण?

हे रजा संपवून गेले आणि काही महिन्यांनी त्यांची पलटण बोटीनं मलायात गेली. पत्रं यायची. पत्रात काय, तर तिकडं पाऊस फार, भात बरा, आईला सांग काळजी करू नको. मला लिहायचे शेवटच्या ओळीत, तेही 'म्युझमचं काम नीट कर' म्हणून. मला राग यायचा. एवढ्या लांबून हेच सुचतं का माणसाला? मग जपान्यांपुढं सिंगापूर पडल्याची बातमी आली आणि पत्रं थांबली. पुढं लष्कराचा कागद आला. चार इयत्ता इंग्रजीच्या जोरावर मीच तो वाचला. यांचा पत्ता लागत नाही, एवढंच त्यात होतं. जिवंत नाही असं नव्हतं लिहिलं, आहे असंही नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी हाय. पत्ता लागत न्हाई म्हंजी कुटंतरी हायच की." त्यांनी त्यावर पुन्हा एक शब्द काढला नाही. माझ्या कपाळावर कुंकू रोज मोठं आहे ना, तेवढं मात्र बघायच्या.

असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. त्या खंडेनवमीला शेजारगावचा एक पेन्शनर खोली बघायला आला. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "सुभेदार, समद्यांच्या घरचं आणलंसा. तुमच्या पोराचं काय न्हाई व्हय हितं?" त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण सासऱ्यांचा चेहरा उतरला. तो गेल्यावर त्यांनी ट्रंक उघडली, यांचा रंगरूट असतानाचा चामडी पट्टा काढला आणि खोलीत नेला. डावीकडच्या खुंटीला लाववेना, उजवीकडच्या फळीवर ठेववेना. शेवटी दाराच्या वर खिळा ठोकून तिथं अडकवला.

"चिठ्ठी लिव," मला म्हणाले.

"शेवटी काय लिहू? आला की राहिला?"

ते म्हणाले, "त्येवढं मोकळं ठिव."

"मोकळं ठेवायचं तर चिठ्ठीच नको," म्हणून मी तडक चुलीकडं निघून आले. सासऱ्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. पुन्हा त्यांनी एकदाही विचारलं नाही.

चिठ्ठी मी लिहिली ती पुढच्या वर्षी. दसऱ्याच्या आधी, एका साध्या दुपारी. घरात कुणी नव्हतं. मी दुसऱ्याच कुणाच्या डब्याची चिठ्ठी लिहीत होते. ती झाली, पुठ्ठ्याचा एक तुकडा उरला, आणि मी त्यावर यांचं नाव लिहिलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. नंतर ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं, लिहिलं तर कधीच नव्हतं. पाठोपाठ गाव, पलटण, मलाया. आणि शेवटी 'राहिले'. बाकीच्यांना 'राहिला' लिहायची, यांना तसं कसं लिहू? पट्टा खिळ्यावरून काढून उजवीकडच्या फळीवर ठेवला आणि चिठ्ठी त्याला दोऱ्यानं बांधली.

का लिहिलं? थकले होते. रोज वाट बघून माणूस थकतं. खरं सांगते, लिहिल्यावर मला हलकं वाटलं, संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या. त्याची लाज मला आजही वाटते.

सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी ती वाचली. मराठी त्यांना रखडत वाचता यायची. बाहेर आले, दिवसभर जेवले नाहीत. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यांना आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. खंडेनवमीला त्यांनी त्या पट्ट्याला हळदकुंकू वाहिलं, वर बोटं कानशिलावर मोडली, म्हणाल्या, "लौकर ये रं बाबा." मी समईत तेल घालत होते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून मी तिथं उभी होते.

आणि मग लढाई संपल्यावर काही महिन्यांनी हे आले.

कोळशावरची सर्व्हिस मोटार फाट्यावर थांबली आणि त्यातून एक वाळका, पिवळा माणूस उतरला, असं आधी एक पोर ओरडत सांगत आलं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. दिवसभर घर माणसांनी भरलेलं. कुणी गूळ आणला, कुणी कोंबडी. मी वाढत होते, धूत होते, पुन्हा चूल पेटवत होते. यांच्याकडं डोळे भरून बघायलाही सवड मिळाली नाही. ती चिठ्ठी माझ्या डोक्यातनं पार निघून गेली. सासऱ्यांच्याही गेली. आनंदात माणूस इतकं आंधळं होतं बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते. सासूबाई म्हणाल्या, "त्यो गेलाय बाबासंगं म्युझम बघाया." मला चिठ्ठी आठवली. पिठाच्या हातानं तशीच पळत सुटले. सासूबाई मागोमाग येत विचारत होत्या, काय झालं गं, काय झालं?

हे फळीपुढं उभे होते. चिठ्ठी हातात. सासरे दाराशी मान खाली घालून उभे.

"आक्षार हिचं हाय," हे म्हणाले.

सासरे चटकन म्हणाले, "म्या सांगिटलं तिला लिवाया. माजी चूक हाय, बाळा."

पहिल्या खंडेनवमीपासून माझ्याशी भांडत आलेला तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता. मी गप्प बसले असते तर तिथंच मिटलं असतं. पण मला ते झेपलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मामंजींनी नाही सांगितलं. मी आपणहून लिहिलं. मला वाटलं, तुम्ही आता येत नाही."

सासूबाईंना तेव्हा कळलं त्या पुठ्ठ्यावर काय होतं. त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं तसं पुन्हा कधी बघितलं नाही, ही त्यांची मोठी माया. पण त्या क्षणी बघितलं. सासऱ्यांनी चिठ्ठी घ्यायला हात पुढं केला. फाडणार होते. सासूबाई ओरडल्या, "फाडू नगा, त्येचं नाव हाय त्येच्यावर!" चुलीत घालावी तर जितेपणी चिता. नदीत सोडावी तर रक्षा सोडल्यागत. असा तो चार बोटं पुठ्ठा, आणि आम्ही तिघं त्याच्याकडं बघत उभे.

यांनी तो माझ्यापुढं धरला. म्हणाले, "वाच."

मला वाटलं, शिक्षा आहे ही. मी मान हलवली. नवऱ्याचं नाव, तेही सासूसासऱ्यांपुढं? जीभ कशी वळायची?

"वाच गं," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तिथं जपान्यांच्या कैदेत रोज दोनदा मोजायचे. आकड्यानं. साडेतीन वर्सं मला नावानं कुणी हाक मारली न्हाई. कालपास्नं बी समदी बाळा, दादा, सुभेदाराचं पोर असंच म्हणत्यात. तू लिवलंयस, तूच वाच."

मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, "घे. घे नाव."

मी वाचलं. यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव. गाव वाचलं, पलटण वाचली. शेवटच्या शब्दाशी आले आणि अडले. तेवढ्यात त्या वाळक्या माणसानं टाचेला टाच जुळवली, पाठ ताठ केली आणि समोर बघत म्हटलं,

"हाजिर!"

मग मी पिठाच्या हातानंच तोंड झाकलं आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले.